दर लाटेला एक वीत

हेडफोन लावलेत ना? आणि जे ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो होतो तिथे थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय माझा स्वतःचा आहे. म्हणजे माझ्या पीएचडीचा. समुद्राच्या लाटा बारीक कणांना कुठून कुठे नेतात, कशा नेतात, किती वेगाने नेतात, यावर मी गोव्यात राहून काम करतो. आणि मी आहे नागपूरचा. त्यातही गांधीबागचा. आमचं कापडाचं छोटं दुकान आहे, साड्यांचं. दिवाळीत घरी गेलो की गल्ल्यावर बसून बाबा दरवर्षी तोच प्रश्न विचारतात.

"समुद्र इथून आठशे किलोमीटर, अन् तू लाटा मोजून राहिला. काऊन?"

तीन वर्षं मी काहीतरी गोलमोल उत्तर देत आलो. या दिवाळीत मात्र नीट उत्तर दिलं. ते उत्तर म्हणजेच आजचा भाग.

लाट जाते, पाणी जात नाही. की जातं?

फुटाळ्याच्या चौपाटीवर बसून मका खाल्लाय ना? नागपूरकरांचा समुद्र तोच. पाण्यावर एखादं वाळकं पान तरंगत असतं. लहर येते, पान वर जातं. लहर पुढे जाते, पान खाली येतं. पान लहरीबरोबर धावत सुटत नाही. शाळेत आपल्याला हेच शिकवलं होतं. लाटेतून ऊर्जा पुढे जाते, पाणी जागच्या जागी राहतं.

हे बरोबर आहे, पण जवळजवळ. आणि माझी पीएचडी त्या 'जवळजवळ'वरच आहे.

खोल समुद्रात पाण्याचा प्रत्येक थेंब नुसता वर-खाली होत नाही, तो गोल फिरतो. लाटेचा माथा येतो तेव्हा पुढे, दोन माथ्यांमधला खळगा येतो तेव्हा मागे. वर, पुढे, खाली, मागे. एक लाट गेली की एक चक्कर पूर्ण. पण ही चक्कर नेमकी जिथून सुरू झाली तिथे संपत नाही. किंचित पुढे संपते.

का? कारणं दोन. एक, चकरेच्या वरच्या भागात थेंब पुढे जात असतो आणि खालच्या भागात मागे येत असतो. लाटेचा जोर वर जास्त आणि खोलीकडे कमी होत जातो. म्हणजे पुढचा धक्का मोठा, मागचा धक्का थोडा लहान. दुसरं, पुढे जाताना थेंब लाटेच्याच दिशेने जात असतो, त्यामुळे माथ्याच्या सोबतीला जरा जास्त वेळ राहतो. मागे येताना तो लाटेच्या उलट जातो, त्यामुळे खळगा त्याच्यापासून लवकर निघून जातो. दोन्हींची बेरीज म्हणजे दर चकरेला उरलेलं थोडंसं 'पुढे'.

बाबांना हे सांगितलं तर त्यांनी मान हलवली, पण कळलं नव्हतं. मग मी आत्याकडे बोट दाखवलं. आत्या दुकानाच्या माळ्यावर बसून साड्यांना फॉल लावते. तिची सुई बघा. वर येते, वळते, खाली जाते, पुन्हा वर. सुई गोल गोलच फिरते, पण दर टाक्याला दोन सूत पुढे सरकते. असं करत करत पदरापासून निऱ्यांपर्यंत पोचते. कुणी आत्याला विचारलं, "सुई कुठे चालली?" तर ती म्हणेल, "कुठंच नाही, इथंच तर फिरून राहिली." अन् तासाभरात साडी तयार.

"हाव," बाबा म्हणाले. "हे समजलं."

एका वितीचा हिशोब

या सरकण्याचं गणित पहिल्यांदा मांडलं जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने, 1847 साली. जन्माने आयरिश, केंब्रिजमध्ये शिकवायचा. म्हणून याला आजही स्टोक्स ड्रिफ्ट म्हणतात. ड्रिफ्ट म्हणजे हळूहळू वाहवत जाणं.

आता आकडे घेऊ. मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडायची गरज नाही, मी करून ठेवलेत.

समजा समुद्रात 2 मीटर उंचीच्या लाटा आहेत, दर 10 सेकंदाला एक. खोल पाण्यात अशी लाट तासाला साधारण 56 किलोमीटर वेगाने पळते. सीए रोडवर रात्री अकराला स्कूटी पळते तशी. पण पृष्ठभागावरचा कण? तो 2 मीटर व्यासाची चक्कर मारतो, म्हणजे सहा मीटरच्या वर फिरतो, आणि शेवटी पुढे सरकतो फक्त 25 सेंटिमीटर. एक वीत. दर लाटेला एक वीत.

हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण दिवसात अशा 8,640 लाटा येतात. वीत गुणिले 8,640 म्हणजे दिवसाला दोन किलोमीटरहून जास्त. महिन्याला साठ-पासष्ट किलोमीटर.

आणि हे वाढतं कसं बघा. बाकी सगळं तेच ठेवून लाटेची उंची दुप्पट केली, तर सरकणं दुप्पट होत नाही, चौपट होतं. 2 मीटरच्या जागी 4 मीटरच्या लाटा आल्या की दिवसाला दोनच्या जागी आठ-नऊ किलोमीटर. आपल्या अरबी समुद्रात पावसाळ्यात लाटा उन्हाळ्यापेक्षा कितीतरी उंच असतात, हे कोकणात गेलेल्यांना सांगायला नको. म्हणजे जून ते सप्टेंबर हा कणांचा प्रवासाचा हंगाम.

खोलीचा हिशोबही महत्त्वाचा. याच 10 सेकंदांच्या लाटेत साधारण साडेआठ मीटर खाली गेलं की सरकण्याचा वेग निम्मा होतो. अजून साडेआठ मीटर खाली गेलं की पाव. म्हणजे वरचा कण धावतो, खालचा रेंगाळतो. एकाच जागी, एकाच क्षणी पाण्यात पडलेले दोन कण, एक तरंगणारा आणि एक हळूहळू बुडणारा, महिन्याभरात एकमेकांपासून कितीतरी किलोमीटर लांब गेलेले असतात.

माझी चूक

पहिल्या वर्षी मी कॉम्प्युटरवर एक मॉडेल लिहिलं. समुद्राचे प्रवाह टाकले, त्यात हजारो कण सोडले आणि कुठे जातात ते बघितलं. लाटांचं सरकणं टाकलं नाही. माझा तर्क असा की प्रवाहाचा वेग सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर असू शकतो, स्टोक्स ड्रिफ्ट अडीच सेंटिमीटर. हत्तीपुढे मुंगी. गाळून टाकलं.

माझे कण किनाऱ्याला लागेचनात. किनाऱ्याच्या कडेकडेने मजेत फिरत राहिले. इकडे खऱ्या किनाऱ्यावर मी रोज सकाळी चालायला जायचो तर पायाखाली प्लास्टिक.

आमच्या गाईड मॅडमनी आलेख बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "ती वीत कुठे गेली?"

गोष्ट अशी आहे. किनाऱ्याजवळचे मोठे प्रवाह बहुतेक करून किनाऱ्याला समांतर वाहतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर ते ऋतूप्रमाणे दिशा बदलतात. पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. लाटा मात्र उथळ पाण्यात आल्या की वळून किनाऱ्याकडे तोंड करतात. म्हणजे प्रवाह कणाला किनाऱ्याच्या कडेने पळवतो, आणि लाट त्याला किनाऱ्याकडे ढकलते. वेगात प्रवाह मोठा असेल, पण कण समुद्रातच फिरत राहणार की वाळूवर येऊन पडणार, हे ठरवण्यात त्या वितीचा मोठा हात असतो. वेगाने जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही दरवाजाकडे एकेक पाऊल सरकत असता, तसंच. बसचा वेग कितीही असो, उतरणार तुम्ही त्या पावलांमुळेच.

मी ते पद मॉडेलमध्ये परत टाकलं. कण किनाऱ्याला लागायला लागले.

टाकीतले मणी

दुसरी गोष्ट मी टाकीत शिकलो. आमच्याकडे काचेची एक लांब, अरुंद टाकी आहे. एका टोकाला फळी हलते, लाटा तयार होतात. दुसऱ्या टोकाला उतार, तिथे लाटा विरून जातात. मी पाण्यात बारीक मणी सोडले आणि कॅमेरा लावला. वरचे मणी पुढे सरकले, ठरल्याप्रमाणे. पण मधल्या खोलीवरचे मणी मागे यायला लागले. मी दोन दिवस टाकी तिरकी आहे का ते तपासत बसलो.

टाकी सरळच होती. विचार करा, वरचं पाणी सतत पुढे सरकत असेल तर ते शेवटच्या टोकाला साचत जाईल. ते साचू शकत नाही, म्हणून खालून परत येतं. खऱ्या किनाऱ्यावरही हेच होतं. लाटा वरून पाणी आणतात, खालून पाणी परत समुद्रात जातं. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर पायाखालची वाळू ओढल्यासारखी वाटते ना, त्यात या परतीच्या पाण्याचाही वाटा असतो. म्हणून तरंगणारी चीज किनाऱ्याकडे येते आणि तळाशी लोळणारी चीज बरेचदा आत ओढली जाते. मुंबईकर म्हणतात ना, समुद्र काही ठेवून घेत नाही, सगळं परत करतो. अर्धं खरं आहे. जे तरंगतं त्यातलं बरंच परत करतो. जे बुडतं ते गुपचूप ठेवून घेतो.

हे सगळं कशाला?

आता बाबांचा खरा प्रश्न. काऊन?

तीन उदाहरणं देतो.

पहिलं, गोवा. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, पावसाळा लागता लागता, गोव्याच्या वाळूवर काळे चिकट गोळे येऊन पडतात. डांबरासारखे. जहाजांमधून समुद्रात गेलेल्या तेलाचे हे उरलेले गोळे. वर्षभर ते कुठे असतात आणि नेमके तेव्हाच का येतात? कारण तेव्हा वारा आणि लाटा दोन्ही किनाऱ्याकडे वळतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी यावर बरंच काम केलंय. ही संस्था 1966 पासून आहे. तेल कुठे लागणार हे आधी कळलं तर साफसफाईची माणसं योग्य किनाऱ्यावर उभी करता येतात.

दुसरं, केरळ. मे 2025 मध्ये विळिंजमहून कोचीला जाणारं एमएससी एल्सा 3 हे मालवाहू जहाज समुद्रात बुडालं. त्यातल्या कंटेनरांमधून प्लास्टिकचे बारीक दाणे बाहेर पडले. साबुदाण्याएवढे, ज्यांच्यापासून पुढे बादल्या, पिशव्या बनतात. थोड्याच दिवसांत ते दाणे दक्षिणेला तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर सापडायला लागले. पावसाळी प्रवाह दक्षिणेकडे आणि लाटा किनाऱ्याकडे. बस आणि दरवाजा आठवा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि यात कण म्हणजे माणूस आहे. एखादी होडी इंजिन बंद पडून वाहून गेली, किंवा एखादा मच्छीमार पाण्यात पडला, तर तटरक्षक दलाला शोधायचं कुठे? हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे. तिने 2016 साली 'सारट' नावाची प्रणाली सुरू केली. शेवटचं ठिकाण आणि वेळ सांगितली की ती हरवलेल्या माणसाची किंवा बोटीची संभाव्य जागा नकाशावर दाखवते. इथे वितीची चूक किती महागात पडते बघा. तुमचा अंदाज 2 किलोमीटरने चुकू शकत असेल तर शोधायचं क्षेत्र साडेबारा चौरस किलोमीटर. 4 किलोमीटरने चुकू शकत असेल तर पन्नास. चूक दुप्पट, शोध चौपट. आणि पाण्यात पडलेल्या माणसाकडे चौपट वेळ नसतो.

हे सांगितल्यावर बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग आपल्या दुकानातला धागा जाते का तिथवर?"

गांधीबाग ते बंगालचा उपसागर

हा प्रश्न मला तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. चला, नकाशा उघडा.

गांधीबागच्या आसपासचं सांडपाणी शेवटी नाग नदीकडे जातं. नाग नदी पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. वैनगंगा गोसेखुर्द धरणातून खाली उतरते, चपराळ्याजवळ वर्धा नदीला भेटते आणि तिथून तिचं नाव होतं प्राणहिता. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत. आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात. म्हणजे बाबा, आपला समुद्र मुंबईचा नाहीच. आपला समुद्र पूर्वेचा.

आमचे आजोबा हातमागावर सुती साड्या विणायचे. हे शहरच कापसाचं. टाटांची एम्प्रेस मिल इथे 1877 साली सुरू झाली. सुताचा धागा पाण्यात गेला तर कुजतो. आज आमच्या दुकानातल्या बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच, आणि ते सहजासहजी कुजत नाही. 2016 साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की पॉलिस्टरचे सहा किलो कपडे एकदा मशीनमध्ये धुतले तर सुमारे 4 लाख 96 हजार तंतू सुटू शकतात. एका धुण्यात.

पॉलिस्टर पाण्यापेक्षा जड, तर तो बुडायला हवा. बुडतोच. पण तंतू केसापेक्षा बारीक, त्यामुळे शांत पाण्यातही खूप हळू खाली जातो. खवळलेल्या पाण्यात तर वरच घुसळला जातो. शिवाय तो गोल मण्यासारखा नाही, लांब काडीसारखा आहे. लाट त्याला एका विशिष्ट दिशेत आडवा-तिरका वळवते, आणि तो कसा वळलाय यावर तो किती हळू बुडणार ते ठरतं. हळू बुडणारा जास्त वेळ वर राहतो, आणि वर राहणारा जास्त लांब जातो. हाच माझ्या प्रबंधाचा सध्याचा धडा आहे.

तर बाबा, उत्तर असं. आपल्या दुकानातला एक धागा घेऊन तो समुद्रात पोचला असं मी दाखवू शकत नाही. वाटेत धरणं आहेत, बंधारे आहेत, गाळ आहे. बरंच काही तिथे बसतं. पण रस्ता आहे. आणि पूर आला की जे बसलंय तेही उठतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी शहरात शिरली, तेव्हा पाण्याने काय काय उचलून नेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मी अभ्यास करतो तो या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याचा. तिथे धागा एकदा पोचला की त्याला परत काढायची सोय नाही. लाटा त्याला वीत-वीत करत कुठेतरी नेणारच. थांबवायचं तर इकडच्या टोकाला. मशीन अर्धं रिकामं न चालवता भरून चालवा, कमी वेळा धुवा, थंड पाण्यात धुवा. मशीनच्या जाळीत अडकलेला लिंट बेसिनमध्ये नका धुऊ, कचऱ्यात टाका. आणि साडीचं प्लास्टिक कव्हर नालीत जाऊ देऊ नका.

बाबांनी यातलं एकच ऐकलं. दुकान झाडल्यावर धाग्यांचे तुकडे आणि कव्हरं आधी दारासमोरच्या नालीकडे लोटली जायची. आता कोपऱ्यात एक पोतं आहे. आत्या म्हणते, पोत्याने जागा अडते. बाबा म्हणतात, "राहू दे. पोराची वीत आहे त्यात."

तुमच्यासाठी काम

जवळच्या तळ्यावर जा. फुटाळा, अंबाझरी, रंकाळा, जे असेल ते. प्लास्टिक नको, भिजून जड झालेलं पान निवडा, म्हणजे वारा त्याला थेट ढकलणार नाही. काठावरच्या एखाद्या खुणेच्या रेषेत पान आलं की मोबाईलवर दहा मिनिटं व्हिडिओ घ्या, मोबाईल न हलवता. मग पुढे ढकलत वेगात बघा. पान नुसतं वर-खाली होतंय, की सरकतंय? किती लाटांमध्ये किती? आणि तळ्यातही वाऱ्याने पाणी हलतं, तेव्हा सरकलं ते लाटेनेच असं लगेच म्हणू नका. ही शंका आली तर समजा, तुम्ही माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रकरणापर्यंत पोचलात.

काय दिसलं ते व्हॉईस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू लवकरच. काळजी घ्या, आणि पाण्याच्या फार जवळ जाऊ नका.